मानपत्रातून वगळलेला म्हातारा

मानपत्रे लिहिण्याचे काम माझ्याकडे कसे आले, ते आता नीट आठवत नाही. बहुधा मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात माझ्या दोन कविता छापून आल्या आणि त्याच आठवड्यात कुणाचा तरी सत्कार निघाला. तेव्हापासून अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिल गावात ज्या ज्या खांद्यावर मंडळाची शाल पडते, त्याच्या हाती जाणारा फ्रेममधला मजकूर माझा असतो. निगर्वी, व्यासंगी, ऋजू ही विशेषणे मी मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांसारखी हाताशी ठेवलेली आहेत. दंतवैद्य असोत, तबल्याचे गुरुजी असोत, की दोनशे पानांचा स्वयंपाक एकहाती पेलणाऱ्या काकू असोत. चिमूटभर यातले, चिमूटभर त्यातले, की मानपत्र तयार.

यंदा गुढीपाडव्याच्या महिनाभर आधी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. हे काका निवृत्त इंजिनिअर. चाळीस वर्षांपूर्वी या देशात आले आणि अजूनही प्रत्येक फोनची सुरुवात एकाच प्रश्नाने करतात.

"जेवलीस का? बरं, ऐक. यंदा आपल्या पोरींच्या फुटबॉल कोचचा सत्कार करायचाय. सहा वर्षं शिकवतोय बिचारा. ब्राझीलचा माणूस, पोर्तुगालमध्ये खेळलेला. मानपत्र झकास होऊ दे."

"काका, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही."

"तबल्यातलं तरी कुठं कळत होतं?"

मी वही शोधायला उठले.

माझी तेरा वर्षांची लेक कोचच्या संघात होती, म्हणून सहा वर्षे मी त्यांना पाहत होते. पण मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसून, एक डोळा पुस्तकात ठेवून. दिवसा ते लोकांच्या घरातल्या लाकडी जमिनी घासून त्यांना पॉलिश करतात. संध्याकाळी सरावाला आले की त्यांच्या हातांना व्हार्निशचा किंचित गोड, किंचित झोंबणारा वास असतो. बोलणे हळू; ओरडताना मी त्यांना कधी ऐकलेले नाही. त्यांची एकुलती एक लेकही त्याच संघात खेळते आणि माझ्या लेकीची जिवलग मैत्रीण आहे.

सत्काराचे सांगितले तेव्हा त्यांनी आधी नकारार्थी मान हलवली. आमचे बोलणे अर्थातच इंग्रजीत होत असे. इथे ते मी माझ्या भाषेत उतरवते आहे.

"मी असं काय केलंय, मॅडम?" मग म्हणाले, "माझी मुलगी असेल का त्या हॉलमध्ये?"

"संघातल्या सगळ्याच मुली असतील."

ते खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. "ती आठ वर्षांची असताना मी एक मूर्खपणा केला. तिला फुगवून सांगितलं, मी वर्ल्ड कप जिंकलेल्या एका खेळाडूला चकवून गोल केला होता. तिनं वर्गात सांगितलं. पोरांनी इंटरनेटवर शोधलं. सापडली माझ्या नावाची एक ओळ, आणि तिच्यात जन्मतारीखसुद्धा चुकीची!" ते हसले, पण अर्धेच. "तेव्हापासून माझं खेळणं तिला खरंच वाटत नाही. दर रविवारी सकाळी मी म्हाताऱ्यांच्या लीगमध्ये खेळतो. एकदाही बघायला आली नाही. तुम्ही लिहा. तिला ऐकू दे. पण एक शब्दही फुगवू नका. एक खोटा निघाला, की बाकीचे सगळे खोटे होतील."

विशेषणांच्या डब्याचे झाकण मी त्याच क्षणी मनातल्या मनात लावले.

पुढचे तीन शनिवार सराव संपल्यावर ते सांगत गेले आणि मी वहीत उतरवत गेले. पाइनच्या परागाचे दिवस होते. या दिवसांत आमच्याकडे गाड्यांवर, टपालपेट्यांवर, मुलींच्या पापण्यांवर, सगळीकडे पिवळी पूड बसते. पान उलटताना वहीवर माझ्या बोटाचे ठसे हळदीसारखे उमटत होते.

ते विंगर म्हणून खेळत. विंगर म्हणजे काय, ते आधी समजावून घेतले. मैदानाच्या कडेने, चुन्याच्या रेषेलगत धावणारा खेळाडू. चेंडू कडेकडेने पळवत न्यायचा आणि गोलसमोर उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर अलगद नेऊन ठेवायचा. टाळ्या त्या डोक्याला. वहीच्या समासात लिहीत बसण्याची खोड असलेल्या मला हा माणूस तिथेच आवडून गेला.

एकोणिसाव्या वर्षी, जानेवारीत, ब्राझीलच्या ऊन ओकणाऱ्या किनाऱ्यावरून ते उत्तर पोर्तुगालच्या एका दगडी गावात उतरले. अंगात सुती शर्ट. तोंडातून वाफ निघालेली पाहून त्यांना वाटले, पोटात काहीतरी पेटले आहे. घरमालकिणीने लोकरीचे मोजे आणि कोबीचे कढत सूप पुढे केले; त्या सुपाचा वास त्यांच्या लेखी अजूनही पोर्तुगालचा वास आहे. मग अटलांटिकमधल्या एका बेटावरचा क्लब. तिथे मैदानावर ढगच उतरत. चेंडू दिसत नसे, नुसता ऐकू येई. दूर कुठेतरी 'धप्' झाले की त्या दिशेने धावायचे. मग एक हंगाम, एकच, सर्वांत वरच्या लीगमध्ये. राजधानीतल्या प्रचंड स्टेडियमवर ते अकरा मिनिटे खेळले. "चार वेळा चेंडूला स्पर्श झाला," त्यांनी बोटे मोजून सांगितले, "त्यातला एक हातानं. बाहेर गेलेला चेंडू आत फेकायचा थ्रो-इन होता."

आणि शेवटची सहा वर्षे एका मासेमारीच्या गावात. मैदानाबाहेर सार्डिन मासे भाजत. त्यांचा धूर ठरल्या वेळी आत डोकावून जाई. समुद्राचा वारा असा, की सहकाऱ्याच्या डोक्यावर चेंडू पोचवायचा तर नेम समुद्राकडे धरावा लागे. उरलेले काम वारा करी.

त्याच गावात तो म्हातारा होता. निवृत्त कोळी, तीन पायांचे लाकडी स्टूल घेऊन सामन्याला येणारा. कोच ज्या बाजूला धावत, त्याच बाजूच्या कठड्याला टेकून तो स्टूल मांडी आणि पंचेचाळीस मिनिटे फक्त त्यांना शिव्या घाली.

"काय म्हणायचा?"

"मुलीच्या आईला सांगण्यासारखं एवढंच, की 'माझी मेलेली आजी तुझ्यापेक्षा जोरात धावेल!'"

मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, त्यामुळे विंगर समोरच्या रेषेवर जातो. तर हा म्हातारा उठे, स्टूल काखेत मारी, गोलच्या मागून सगळे मैदान वळसा घालून पलीकडे जाई, तिथे स्टूल मांडी आणि शिव्या पुढे सुरू करी. सहा वर्षे, घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्यात. गुडघा गेला आणि कोचनी क्लब सोडला, त्या दिवशी त्याने संत्र्यांची पिशवी त्यांच्या हातात कोंबली आणि रागावूनच विचारले, "आता मी शिव्या कुणाला देऊ?"

"तुम्हाला वाईट नाही वाटायचं?" मी विचारले.

"वाईट? मॅडम, त्या सगळ्या लोकांत तो एकटा असा होता, जो नव्वद मिनिटं चेंडूकडे नाही, माझ्याकडे बघायचा."

मी घरी येऊन एका बैठकीत मानपत्र लिहिले. त्यात निगर्वी नव्हते, ऋजू नव्हते. मोजे होते, धुके होते, अकरा मिनिटे होती, आणि सर्वांत लांब परिच्छेद म्हाताऱ्याचा होता. दुसऱ्याच दिवशी काकांचा फोन.

"जेवलीस का? अगं, हे मानपत्र आहे की चहाड्या? शिव्या देणारा म्हातारा फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावायचा?"

"काका, तोच तर त्यांचा खरा सत्कार होता."

"आणि 'अकरा मिनिटे'! लोक विचारतील, अकरा मिनिटांची शाल किती लांब देताय?"

"एक शब्दही बदलू नका. मी त्यांना वचन दिलंय."

"बरं बरं. प्रिंटिंगचं मी बघतो," काका म्हणाले. हे वाक्य मी अधिक लक्ष देऊन ऐकायला हवे होते.

पाडव्याचा कार्यक्रम शनिवारी दुपारी, एका शाळेच्या सभागृहात. दाराशी गुढी, आत श्रीखंडाच्या केशराचा आणि तळणाचा वास, पैठण्यांची सळसळ. दुसऱ्या रांगेत संघाच्या मुली; कोचची लेक माझ्या लेकीशेजारी, हाताची घडी घालून. कोच व्यासपीठावर, इस्त्रीच्या निळ्या शर्टावर मंडळाची शाल पांघरून, शाळकरी मुलासारखे ताठ. मखमली आवरणातली फ्रेम माझ्या हाती आली. मी वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीवर माझी जीभ थबकली. म्हातारा नव्हता. धुके नव्हते. त्यांच्या जागी सोनेरी अक्षरांत लिहिले होते: 'ब्राझीलच्या वर्ल्ड कप संघाचे देदीप्यमान भूषण.'

मराठी कोचच्या लेकीला कळणार नव्हते; पण 'ब्राझील' आणि 'वर्ल्ड कप' हे शब्द कोणत्याही भाषेत तेच राहतात. मी ती ओळ गिळली आणि थेट पुढच्या ओळीवर उडी मारली.

"एक ओळ राहिली गं!" पहिल्या रांगेतून काका.

मी ऐकू न आल्यासारखे केले. काका प्रेमळ आहेत, आणि प्रेमळ माणसे थांबत नाहीत. ते उठले, दुसरा माइक उचलला आणि पाहुण्यांना कळावे म्हणून खास इंग्रजीत गरजले, "आपले कोच वर्ल्ड कप खेळलेले आहेत, वर्ल्ड कप!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी दुसऱ्या रांगेकडे पाहिले. त्या मुलीने टाळी वाजवली नाही. तिचा चेहरा खिडकी लावून घ्यावी तसा मिटला. माझ्या हातातली फ्रेम एकदम जड झाली.

तेवढ्यात कोचनी शांतपणे माझ्या हातातला माइक घेतला.

"नाही," ते म्हणाले. "वर्ल्ड कप मी पाहिलाय. टीव्हीवर. तुमच्यासारखाच, सोफ्यावर." सभागृहात हास्याचा लोट उसळला. त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, "स्टुलाची गोष्ट राहिली का, मॅडम? ती वाचा ना."

माझा मूळ कागद पर्समध्ये होता, वेलदोड्याच्या पुडीला चिकटलेला. मी तो उलगडला आणि इंग्रजीत सांगत गेले: मोजे, धुके, चार स्पर्श, त्यातला एक हाताने. स्टूल काखेत मारून म्हातारा मैदानाला वळसा घालू लागला, तशी मुलींची रांग खिदळायला लागली. मेलेली आजी धावली तेव्हा काकाही हसले. संत्र्यांपाशी आले आणि मी वर पाहिले. कोचच्या लेकीच्या हातांची घडी सुटलेली होती. ती पुढे वाकून, हनुवटी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवून ऐकत होती.

काका ओशाळून व्यासपीठावर आले. "म्हणजे वर्ल्ड कप नाहीच?"

"नाही, काका."

"मग शाल ठेवायची का परत घ्यायची?" त्यांनी कोचना विचारले. कोचनी शाल दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली. काकांनी त्यांच्या हाती श्रीफळ ठेवले; नारळाच्या किनाऱ्यावर वाढलेल्या त्या माणसाने ते सवयीने कानाशी नेऊन हलवले, आतले पाणी ऐकले आणि मान डोलावली.

"चांगला आहे."

"निदान नारळ तरी खरा निघाला!" काका माइकवर म्हणाले, आणि त्या दिवसाच्या सर्वांत मोठ्या टाळ्या त्यांनाच मिळाल्या.

जेवणाच्या रांगेत मी पाहिले, ती मुलगी वडिलांना काहीतरी विचारत होती आणि ते एका हातात पुरीचे ताट सांभाळत दुसऱ्या हाताने वारा कुठून यायचा ते दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लेकीने मला हलवून उठवले. "आई, कार काढ. वी आर गोइंग टू द ओल्ड मेन्स गेम." वाटेत तिच्या मैत्रिणीला घेतले. ती घडीची खुर्ची मांडीवर धरून मागे बसली.

मैदानावर गवत ओले होते आणि त्यावर परागाची पिवळी साय धरली होती. वीस-बावीस प्रौढ पुरुष गुडघ्यांना पट्टे बांधून उड्या मारत होते. कोच उजव्या कडेला उभे होते. मुलीने त्यांच्या बाजूच्या रेषेशी खुर्ची उघडली. त्यांनी तिला पाहिले आणि पहिला आलेला चेंडू त्यांच्या पायाखालून सरळ बाहेर गेला.

ती त्यांच्याकडेच बघत होती. पंधरा मिनिटे, वीस मिनिटे. माझी लेक बिस्किटे खात होती, मी थर्मासमधला आल्याचा चहा ओतत होते. मध्यंतर झाले. संघांनी बाजू बदलल्या आणि कोच मैदान ओलांडून पलीकडच्या रेषेवर गेले. तिथे कुणीच नव्हते. एक कुंपण आणि एक पाइन.

मुलगी उठली. खुर्चीची घडी केली, काखेत मारली आणि गोलच्या मागून चालू लागली.

"आई, गेट अप," माझी लेक म्हणाली. "वी आर मूव्हिंग." मी चहाचा कप, थर्मास आणि वही सावरत त्या दोघींच्या मागे निघाले. पिवळ्या गवतावर तीन जणींच्या पावलांची हिरवी वाट उमटत गेली.

पलीकडे पोचून तिने खुर्ची मांडली, नीट बसली, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात वडिलांना हाक मारून इंग्रजीत ओरडली, "पापाई! माझी मेलेली आजी तुझ्यापेक्षा जोरात धावेल!"

तिची आजी ब्राझीलमध्ये ठणठणीत आहे, हे मला नंतर कळले. कोच मात्र त्या वेळी धावायचेच विसरले. कमरेवर हात ठेवून, वाकून, ते रेषेवर हसत उभे होते आणि चेंडू त्यांच्या शेजारून केव्हाच निघून गेला होता.