ताईनं घोटून घेतलेलं वाक्य

इमारत पुनर्विकासाला जाण्याआधी जुन्या बिऱ्हाडांनी आठवणी लिहून पाठवाव्यात, स्मरणिका काढायची आहे, असा निरोप सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला तीनदा पाठवला. दोनदा मी तब्येतीचं कारण पुढे केलं. तब्येत बरी आहे. मुलुंडच्या त्या घराबद्दल लिहायला बसलो तर मला एकच गोष्ट लिहावी लागेल, आणि ती मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. तुम्हाला तर नाहीच, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्या गोष्टीचे पेढे खाल्लेले आहेत.

दुसऱ्या मजल्यावरच्या शालूताई माझी थोरली बहीण. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिच्याबद्दल इमारतीत काय बोललं जायचं ते मला ठाऊक आहे. बाईनं जागा एकटीच्या नावावर करून घेतली आणि बँकॉकच्या भावाला परत येऊ दिलं नाही. मागे एकदा जिन्यात एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दिगूभाऊ, सख्खी बहीण असून अशी वागली." मी मान हलवली आणि खाली उतरलो. ती मान हलवणं आज मागे घेतो आहे.

मी तिशीत निघालो. वडील गिरणीत होते, मीही गिरणीच्या रंगखात्यात लागलो होतो. संपानंतर आमची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. बँकॉकजवळच्या एका कापड कारखान्याला रंगाचं काम जाणणारा माणूस हवा होता, तिथं माझं जमलं. आई तेव्हा गेलेली होती आणि वडील कोकणात गावच्या घरी जाऊन राहिले होते. विमानतळावर पोचवायला ताई एकटी आली, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. ती महापालिकेच्या शाळेत शिकवायची. दारापाशी बाकीचे लोक हार घालत होते, एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. ताई म्हणाली, "पत्ता म्हणून दाखव."

"कुठला पत्ता?"

"घरचा. मुलुंडचा. पिनकोडसकट."

"ताई, तिशी आली माझी."

"मग चुकणार नाहीस. म्हण."

मी म्हटला. मागचा माणूस हसत होता. शेवटचा आकडा झाल्यावर तिनं पहिलीतल्या मुलाला दाखवावी तशी मान डोलावली आणि म्हणाली, "दोन वर्षं. मग ये." वळून बसस्टॉपकडे चालायला लागली. मी आत जाईपर्यंत ती दिसत होती, पाठमोरी, छत्री काखेत धरलेली.

दोन वर्षांची पाच झाली, पाचांची बारा. कारखान्यात पॅकिंगला असलेल्या नोईशी मी लग्न केलं. ताईला पत्रानं कळवलं. तिचं उत्तर आलं ते असं: "कळलं. मुलीला आपलं तिखट सोसतं का ते लिही, म्हणजे मसाला त्या बेतानं पाठवीन." नोईला सोसत होतं. मालवणी मसाल्याचा डबा दरवर्षी येत राहिला. आमची मुलगी त्याला 'मुलुंड' म्हणायची. जेवताना हात पुढे करून म्हणायची, मुलुंड दे.

दर खेपेला मुलुंडला आलो की मी ताईला सांगायचो, रिटायर झालो की कायमचा येतो. नुसतं बोलायचं म्हणून बोलायचो की मनात असायचं, हे मला आज सांगता येत नाही. तिनं मात्र ते धरून ठेवलं. आतल्या खोलीतल्या कपाटाचा वरचा खण ती कायम रिकामा ठेवायची. त्यात घड्या केलेला एक टॉवेल आणि डांबराच्या गोळ्या, बाकी काही नाही. स्वतःच्या साड्या खालच्या दोन खणांत कोंबलेल्या.

साठीला आलो तेव्हा नोकरीचा परवाना संपणार होता. परक्या माणसाला इथं दर नव्वद दिवसांनी मी अजून ह्याच पत्त्यावर राहतो असं सरकारला कळवावं लागतं. तीस वर्षं मी ते कळवत आलो होतो. घराखालची जमीन नोईच्या नावावर, कारण परक्याला ती घेता येत नाही. उद्या नोई आधी गेली तर मी त्या घरात कोण? मुलीला मुलगा झाला होता, तो माझ्या पोटावर झोपायचा. मी थाई नागरिकत्वासाठी अर्ज करायचं ठरवलं. आपल्या देशाला दोन नागरिकत्वं चालत नाहीत. इथला झालो की भारताचा पासपोर्ट परत करायचा. हे सगळं मला माहीत होतं आणि त्यातलं एक अक्षर मी ताईला सांगितलं नाही.

कागदपत्रांचं बाड झालं. शेवटची पायरी मुलाखतीची होती. अधिकाऱ्यांसमोर राष्ट्रगीत म्हणायचं आणि थाईत उत्तरं द्यायची. माझं थाई रंगाच्या टाकीपाशी ओरडायला पुरेल एवढंच. ह्या भाषेत आवाज वर नेला की एक अर्थ, खाली नेला की दुसरा. मी घरी सराव करायला लागलो की नोई आणि मुलगी तोंडावर हात ठेवून हसायच्या. म्हणून मी अंगणात जाऊन म्हणायचो.

एकदा ताईचा व्हॉट्सअॅपवर फोन आला तेव्हा मी तिथंच होतो.

"काय पुटपुटतोयस रे?"

"परीक्षा आहे. थाई भाषेची. ऑफिसची."

"ह्या वयात? आणि पास झालास की?"

"मग सुटलो."

तिनं त्याचा अर्थ घेतला की मग येणार. मी तिला तो घेऊ दिला.

"मला लिहून पाठव," ती म्हणाली. "मी घेते तुझं पाठांतर. रिकामीच असते."

मी राष्ट्रगीत आणि सगळी उत्तरं देवनागरीत लिहून पाठवली. तिनं ती शंभर पानी वहीत उतरवली. मी म्हणून दाखवलं तसं ऐकून, आणि नंतर बातम्यांच्या क्लिपा ऐकून, तिनं प्रत्येक अक्षरावर लाल पेन्सिलीनं बाण काढले. आवाज वर जातो तिथं वरचा बाण, पडतो तिथं खालचा. रोज सकाळी तिच्याकडचे साडेसहा म्हणजे माझ्याकडचे आठ. त्याच वेळी इथं टीव्हीवर राष्ट्रगीत लागतं.

"उभा आहेस ना?"

"हो."

"खोटं. खुर्ची वाजली. ऊठ मेल्या, बसून पाठांतर होत नाही."

आठ महिने. सत्तरी ओलांडलेली माझी बहीण मुलुंडला ओट्यापाशी उभी राहून मला थाई शिकवत होती. इतकी मजेत ती कधी बोललेली मला आठवत नाही.

त्या उत्तरांत एक वाक्य होतं. फायली तयार करून देणाऱ्या माणसानं बजावलं होतं, तिकडे तुमचं कोण आहे असं विचारतातच, ठाम उत्तर ठेवा. मी लिहिलं होतं, बान खोंग फोम यू थी नी. माझं घर इथं आहे. आणि त्याला जोडून थाईतच पुढचं वाक्य: भारतात आता माझं कोणी नाही.

ह्या दुसऱ्या वाक्याच्या शेवटच्या शब्दाला आवाज वर न्यावा लागतो. माझा दरवेळी पडायचा. ताईला ते अजिबात खपायचं नाही.

"पडला. परत. माझ्यामागून म्हण."

आणि ती म्हणायची, स्वच्छ, बाईंच्या आवाजात, एकेक अक्षर सुटं करून. भारतात आता माझं कोणी नाही. मी तिच्यामागून म्हणायचो. जमलं की ती म्हणायची, शाब्बास. एकदा तिनं विचारलं, "ह्याचा अर्थ काय रे?" मी म्हटलं, "काही नाही, काम आवडतं वगैरे."

मुलाखतीला लांब टेबलामागे पुष्कळ अधिकारी होते. विचारलंच त्यांनी. मी म्हटलं. शेवटचा शब्द जिथं जायला हवा तिथं गेला. मधल्या वयस्कर बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "उच्चार चांगले आहेत. कोणी शिकवले?"

मी म्हटलं, "बायकोनं."

बाहेर माझ्यासारखाच आलेला एक कापडाचा व्यापारी बसला होता, इंदूरकडचा. तो म्हणाला, "मैंने तो बोल दिया, माँ है, तीन भाई हैं. पूछा माँ की तबीयत कैसी है. बस." म्हणजे ते खोटं गरजेचंही नव्हतं. एक बहीण आहे म्हटलं असतं तर त्यांनी तिची तब्येत विचारली असती.

संध्याकाळी ताईला फोन केला, पास झालो. तिनं चारही मजल्यांवर पेढे वाटले ते तेव्हा. दिगू परीक्षा पास झाला, म्हणून. ते हे पेढे.

पुढची दोन-अडीच वर्षं सरकारी कामात गेली. मी इकडची कामं, तिकडची कामं म्हणत राहिलो. ती "बरं" म्हणत राहिली. जागा आम्हा दोघांच्या नावावर होती. परदेशी झाल्यावर कागदांचा व्याप नको, म्हणून माझा हक्क सोडून दिल्याचे कागद मीच सह्या करून तिला पाठवले. तिनं मागितले नव्हते. तुम्ही जे बोलत होता त्यातलं खरं एवढंच आहे.

मग मी नव्या पासपोर्टवर मुलुंडला आलो. परदेशी झालेल्या भारतीयांना मिळतं ते कार्ड माझ्याकडे अजून नव्हतं, व्हिसा काढून आलो होतो. आणि परदेशी माणूस घरी उतरला तर घरमालकाला पोलिसांना तसं कळवावं लागतं. दोन दिवस मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी फॉर्म तिच्यापुढे ठेवला, पासपोर्टसकट. म्हटलं, "ताई, हा एक भरावा लागेल तुला."

तिनं चष्मा लावला. पासपोर्ट उघडून फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं. तिथं मी थाई नाव घेतलं होतं. तिनं ते एकेक अक्षर करून फॉर्मवर उतरवलं.

"म्हणायचं कसं हे?"

मी म्हणून दाखवलं.

"शेवटी वर की खाली?"

"खाली."

तिनं मान डोलावली. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'थाई' लिहिलं. पाहुण्याशी नातं विचारलं होतं, तिथं 'सख्खा भाऊ' लिहिलं. अक्षर फळ्यावरच्यासारखं. मग टोपण लावून पेन खाली ठेवलं.

"ताई, मी तुला सांगणार होतो."

"मला माहीत होतं रे."

"कधीपासून?"

"परीक्षेच्या आधीपासून. वरची प्राची आहे ना, तिच्या फोनला म्हणे कुठलीही भाषा कळते. म्हटलं, बघू तरी माझं थाई त्याला कळतं का. ते अवघड वाक्य म्हटलं." तिनं चष्मा काढून ठेवला. "पहिल्या फटक्यात कळलं त्याला."

हे सांगताना तिच्या आवाजात अभिमान होता. तो ऐकून मला खाली बघावं लागलं.

"प्राची म्हणाली, आजी, हा चुकीचं दाखवतोय. मी म्हटलं, असेल."

"मग मला बोलली का नाहीस? त्यानंतरही तू रोज माझ्याकडून..."

"परीक्षा होती ना तुझी," ती म्हणाली. "परीक्षेच्या तोंडावर पोराला असलं काही विचारतात होय?"

"आणि पेढे?"

"पास झालास म्हणून वाटले. ते काय खोटं होतं?"

त्यावर बोलायची वेळ माझी होती. शब्द तयार होते, दोनच होते. टेबलावर तिचा हात होता, बोटाला शाईचा डाग. मी उठलो आणि म्हटलं, "चहा टाकू का?"

"टाक," ती म्हणाली. "माझ्यात साखर नको. बंद केलीय, तुला माहीत नसेल."

त्यानंतर ती तीन वर्षं होती. दर रविवारी फोन व्हायचा. दर रविवारी मी मनाशी म्हणायचो, आज. आणि गुडघे कसे आहेत ते विचारायचो. लोक जिन्यात काय बोलतात हे मी तिला एकदा सांगितलं, तर म्हणाली, "बोलू दे. त्यांनी तुला परत बोलवत बसण्यापेक्षा ते बरं." ती गेली तेव्हा मला पोचायला चार दिवस लागले. कपाटाचा वरचा खण तेव्हाही रिकामा होता. वही मी घेऊन आलो. त्या वाक्यावरचा शेवटचा बाण तिनं इतक्यांदा गिरवलाय की कागद तिथं पातळ झालाय.

माझ्यासारखे जे बाहेर पडले ते विचारतील, मग घर कुठलं मानता. इथं कुणी विचारलं तर मी थाईत सांगतो, घर इथंच आहे, आणि ते खरंही आहे. नोई आहे, नातू आता माझ्याहून उंच झालाय. पण मुलुंडचा पत्ता मला पिनकोडसकट येतो, आणि तो म्हणून दाखवायला सांगणारं माणूस होतं तेवढं घर माझं तिथं होतं. इमारत आता पडेल ती तुमची पडेल.

सकाळी आठला शेजारच्या टीव्हीवर राष्ट्रगीत लागतं. मी उभा राहतो. ते संपलं तरी बसत नाही. वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी एक उत्तर लिहिलंय, तिला हवं तसं, सुटं सुटं. तिकडे तुमचं कोण आहे? तिकडे माझी बहीण आहे. उच्चार तिनं शिकवले. माझं चुकलं, ताई.

पाठ आहे. एकदाही अडखळत नाही. त्या दिवशी टेबलापाशी एवढंच म्हणायचं होतं, आणि मी चहाचं विचारलं.