मागची सीट

पेट्रोल पंपावर एक बरणीवाला मोटारसायकलला जोडलेल्या छोट्या ट्रॉलीचे दोर ओढून बघत होता. चिनी मातीच्या जड बरण्या पुढच्या अंगाला, हलक्या मागे, आणि फटीफटींत भाताचा पेंढा.

"मागं वजन पडलं की ट्रॉली शेपूट हलवती," तो म्हणाला. "आज तर दर आठ-दहा किलोमीटरला थांबतोय. एरवी कारभारीण मागं बसती, एक हात दोरावर ठेवून. दोर सैल पडला की माझ्या पाठीत बुक्की घालती."

"मग आज?" मी विचारलं.

"लेकीच्या बाळंतपणाला गेलीया."

आपल्या पाठीमागे काय सैल होतंय, हे आपल्याला कुठे कळतं? कुणाचातरी हात त्या दोरावर असतो, आणि आपण मात्र स्वतःला पट्टीचे चालवणारे समजत राहतो.

"मागच्या सीटवर अजून दोन बरण्या मावतील की," मी उगाच शहाणपणा केला.

त्याने दोराची गाठ पुन्हा एकदा आवळली. किक मारली आणि एकटाच असूनही पार टाकीला चिकटून, पुढे सरकून बसला.