नऊशे अकरा टोकनांचा आहेर

कळंबोलीच्या लोखंड बाजारात माझ्या शब्दाला एवढं वजन होतं, की मी नुसता शिंकलो तरी दोन ट्रेलर भरून निघायचे. हवा तर एक ट्रेलर कमी धरा. दुसऱ्यावरून मात्र मी हटणार नाही.

माझं काम सरळ. माल असेल त्याला गाडी लावून द्यायची, गाडी असेल त्याला माल. मध्ये मी, माझी खुर्ची आणि माझी जीभ. मग सगळा बाजार फोनमध्ये शिरला. हुबळीच्या नाहीतर लुधियान्याच्या पार्टीला माझी शिंक ऐकू जाईना. तेव्हा माझ्या भाचीने, ती महापेला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, आमच्या बाजारासाठी टोकन काढले.

"मामा, हे विकायचे नाहीत, विकत मिळत नाहीत. दर महिन्याला प्रत्येकाला पन्नास येणार, ते दुसऱ्यांना वाटायचे. ज्याने काम चोख केलं त्याला."

"आणि कुणी खोडाखोड केली तर?"

"एकच वही सगळ्यांच्या फोनात आहे. तू तुझ्यातलं खोडशील, बाकीच्यांचं कसं खोडणार?"

आणखी एक कलम होतं. ज्याच्याकडे टोकन नाहीत त्याची हमी आपण घेऊ शकतो, पण आपले टोकन त्याच्यावर लावायचे. त्याची वेळ चुकली की आपले जळाले.

पोरगी हुशार, पण तिने एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. आम्ही आहेर परतवणारी माणसं. मी एका क्रेनवाल्याला अकरा टोकन दिले, चहा संपायच्या आत त्याचे अकरा माझ्याकडे परत. दहा कुणीच देईना, वर एक हवाच. पन्नास हा आकडाही अशुभ ठरला, भाचीला एक्कावन्न करावे लागले. दीड वर्षात बाजारात एकही माणूस वाईट उरला नाही. माझी ताडपत्री पळवणारा आणि मी, दोघंही सारखेच सज्जन. माझे झाले नऊशे अकरा. खांदेश्वरला सोसायटीच्या लिफ्टमध्ये मी तो आकडा चौथ्या मजल्यापर्यंत लोकांना दाखवायचो. पाचव्याला तर मी राहतो.

अशात नावड्याचा एक गाडीवाला माझ्याकडे आला. माझ्याच वयाचा, जमीन कारखान्यांत गेली तेव्हा ट्रक घेतलेला, बोलायला कंजूष. बटणांचा फोन. त्याने कुणाला टोकन दिले नव्हते, म्हणून त्याला कुणी दिले नव्हते. खाती भोपळा.

"दादूस, महिना झाला गाडी उभी हाय. टायरान उंदरांचा संसार झालाय."

हुबळीला पाठवायच्या सळ्या होत्या, पण पार्टीला पाचशे टोकनवाला माणूस हवा होता. चार लोक बघत होते. मी म्हटलं, "हात्तिच्या!" आणि पंगतीत तूप वाढावं तसे सगळे नऊशे अकरा त्याच्यावर लावले.

शनिवारी दुपारी गाडी सुटली. सोमवारी बारापर्यंत पोचायची होती. रविवारी सकाळी फोन लावला, बंद. दहाला बंद. अकराला बंद. मी खिडकीतून दारापर्यंत आणि दारातून खिडकीपर्यंत एवढा चाललो, की सरळ चाललो असतो तर मीच हुबळीला पोचलो असतो.

"बसा जरा, फरशी झिजेल," बायको म्हणाली. "एवढे टोकन देणारे आहेत ना? विचारा की कुणाला."

विचारलं. एकवीस जणांना फोन केले. ज्याने त्याने हेच ऐकवलं, "गाडी तुझ्या हमीची, आमच्यावर आणू नको हां." अकरा-अकरा देणारी तोंडं ती. नऊशे अकरा गेले तर बाजारात मी कोण, हे मला आठवता येईना.

सोमवारी सकाळी बाजारात गेलो, तर त्याची गाडी तिथेच! ज्या गोडाऊनमधून भरली त्याच्याच शटरसमोर. तो शांतपणे चूळ भरत होता.

"अरे, तू हुबळीला होतास ना?"

"खोपोलीपरयंत गेलतो. गाडी ओढंना. काट्यावं वजन केला, तर येक बंडल जास्ती. यांनी चुकून घातला. परत देवाला आलो तं बाजार बंद."

"फोन करायचास!"

"चार्जिंग नाय. तुमचा नंबर फोनान, माझ्या डोक्यान नाय."

रविवारभर तो माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर बसून होता. बंडल उतरवलं, गाडी निघाली, आणि बारा वाजता माझ्या फोनवर नऊशे अकराचं शून्य झालं. भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मामा, वही खोडता येत नाही." हे मीच तिला विचारलं होतं.

मंगळवारी गाडी हुबळीला लागली. जास्तीचं बंडल परत करायला माणूस खोपोलीहून मागे फिरला, हे पार्टीला गोडाऊनकडून कळलं. त्यांनी त्याला एक टोकन पाठवला. एकच.

गुरुवारी तो सुनेचा स्मार्टफोन घेऊन माझ्या टेबलाशी आला. "दादूस, यो त्यांना परत कसा देवाचा?"

माझा अंगठा सवयीने पुढे झाला होता. मी तो मागे घेतला. "परत द्यायचा नसतो. कामाबद्दल दिलाय. ठेव."

तो म्हणाला, "तुमच्याकडं आता भोपळा. कोनी हमी घेतल्याबिगर तुमाला माल लावता येनार नाय ना?"

"नाही."

"मंग यो तुमच्यावं लावा."

मी नको नको म्हणत राहिलो. सुनेचा फोन हातात धरून तो उभाच होता. शेवटी लावला. एका टोकनावर जवळपासचा किरकोळ माल मिळू लागला.

नऊशे अकरा होते तेव्हा मी खुर्चीत घोरायचो. आता दर तासाला प्रत्येक गाडीला फोन लावतो, आधी ड्रायव्हरच्या वहीत माझा नंबर लिहायला लावतो, आणि काट्याची पावती बघितल्याशिवाय गाडी हलू देत नाही. बायको म्हणते, फरशी बदलायला झाली.