वांगी वाटायची राहिली

अंबिका परुळेकर चिकट झाली, अशी बातमी काळाचौकीच्या आमच्या चाळीत पसरली. पसरवण्यात माझाही हातभार होताच. गावाहून काही आलं की आधी मजल्यावर वाटायचं, ही आमच्याकडची रीत. तिच्या भावाने कुडाळहून पोतंभर वांगी पाठवली, पण एकाही खोलीत एक वांगं गेलं नाही.

चिकटपणा मात्र नव्हता. अंबिकावहिनीने लायब्ररीतून एक कादंबरी आणली होती. त्यात दोन शेतकरी कुटुंबं आणि जनुकं बदललेल्या बियाण्यावरून त्यांच्यात पेटलेलं भांडण. वाचता वाचता तिने भावाला फोन लावला, "बियाणं कुठलं रे?"

"दुकानदाराने नवीन दिलंय. कीड लागत नाय."

पाकिटावर काही छापलेलंच नव्हतं म्हणे. तिने आणखी खोदलं, तर भावाने रागाने फोन ठेवला. आता गणपतीला माहेरी जायचं कसं, हा घोर तिला लागलाय. पुस्तकात बोट घालून गॅलरीत येरझाऱ्या घालते, मध्येच पोत्यात डोकावते, मग फोनकडे बघते.

मी विचारलं, "वहिनी, कादंबरीत वांगी खाऊन कोण मेलं काय?"

"अजून अर्धी वाचायची आहे."

"तोवर ही सडतील. सख्ख्या भावावर एवढाही विश्वास नाय?"

ती थांबली. "भावावर आहे, भावोजी. पण काय पेरलं ते त्यालाच ठाऊक नाय. आणि जे मी माझ्या पोरांना वाढत नाय, ते तुमच्या ताटात कसं घालू?"