पेटी रंगुबाईची, भाता लंकाबाईचा

राहुरीकडच्या त्या वाडीतल्या चर्चमध्ये नाताळ म्हणजे रंगुबाई मकासरेची पेटी, हे ठरलेलं. पाळक आले, बदलून गेले. पेटीवरची रंगुबाई काही हलली नाही. आणि यंदा नाताळाला दीड महिना उरला असताना तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय फरफटत का होईना चालू लागला, हात मात्र मांडीवर पडून राहिला. पेटीचे सूर उजव्या हाताचे, पण भाता डाव्या हाताचा. भात्यात वाराच नाही तर सूर कुठून निघणार?

भेटायला येणारा जो तो म्हणे, यात देवाचा काहीतरी हेतू असेल. रंगुबाई मुळातच तापट. "आसंल की! पर त्यो नाताळ झाल्यावर साधायचा हुता!"

पाळकसाहेब बिचारे भले माणूस. यंदा मोबाईलवरची गाणी स्पीकरला लावू, म्हणाले. रंगुबाईने असं बघितलं की त्यांनी विषयच बदलला. मग तिने नातीला, निकिताला भात्यावर बसवलं. पोरगी सायकलमध्ये हवा भरावी तसा भाता हाणायची. गाणारा दम कुठे घेतो, हे ठाऊक असणाऱ्याचंच ते काम, आणि असं माणूस वाडीत एकच होतं: तिची धाकटी जाऊ लंकाबाई. सारा जन्म पेटीशेजारी उभं राहून गायलेली.

पण दोघींची बोलचाल बंद. लंकाबाईने लेकीच्या लग्नाचं आवतण मोबाईलवर दिलं होतं. अंगण एक, दारं समोरासमोर, आणि आवतण फोनवर! रंगुबाईला ते लागलं. लग्नात तिने पेटीला हातच लावला नाही. तेव्हापासून लंकाबाई चर्चमध्ये पार मागे बसायची.

रंगुबाई बरेच दिवस धुमसली. नाताळ पेटीवाचून जाऊ द्यायचा नाही, एवढं नक्की होतं. शेवटी एका सकाळी ती काठी घेऊन उठली. निकिता हात धरायला धावली, तर तिच्यावरच खेकसली. आवतण द्यायचं तर आपल्या पायांनी! अंगण ते केवढंसं, पण ओलांडताना घाम फुटला.

लंकाबाई करंज्या लाटत होती. दारात जावेला बघून लाटणं हातातच राहिलं.

"नाताळाला भात्यावर तू बसायचं," रंगुबाई उंबऱ्यातूनच म्हणाली. "घरी यून सांगती हाय. फोन न्हाई केला."

"माझ्या पोरीच्या लग्नात न्हाई वाजिवली तुमी." लंकाबाईचे डोळे भरले होते.

"व्हय, न्हाई वाजिवली. त्याचं पाप माझ्या डोक्यावर. येतीस का?"

लंकाबाईने पिठाचे हात पदराला पुसले. "आदी बसा तरी, आक्का. पडाल."

नाताळच्या सकाळी दोघी एकाच सतरंजीवर बसल्या. पहिल्या कडव्याला पेटी नुसती घरघरली आणि दोघींनी एकमेकींकडे रागाने पाहिलं. दुसऱ्याला जमलं. गाण्याला दम लागायचा तिथे लंकाबाईचा हात आधीच पुढे गेलेला असायचा. ती गातही होती, अगदी कानाजवळ. हा आवाज आपल्याला किती हवा होता, हे रंगुबाईला तेव्हा कळलं. हात धड असता तर ते अंगण आपण मेलो तरी ओलांडलं नसतं. देव आपल्याला चांगलाच ओळखून आहे, असं मनात आलं आणि वाजवता वाजवता तिला रडू फुटलं.

उपासना सुटल्यावर पाळकसाहेब जवळ आले. "रंगुबाई, हात लवकर बरा व्हावा म्हणून प्रार्थना करू या."

रंगुबाईने शेजारी पाहिलं. लंकाबाईचा हात अजून भात्यावरच होता.

"करा की," रंगुबाई म्हणाली. "पर देवाला सांगा, घाई न्हाई."