शेक

कर्करोगानं डावा स्तन गेला त्याला वर्ष होऊन गेलं होतं. सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. डॉक्टर म्हणाले, पोटाखालची चरबी कातडीसकट, स्नायूच्या देठाला जोडलेलीच ठेवून, आतल्या आत वर सरकवायची आणि तिचा नवा स्तन करायचा. दोन बाळंतपणांत सुटलेलं माझं पोट एकदाचं कामाला येणार होतं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना हे पटेना. "जीव वाचला, बास की! आता कुणाला दावायचंय?" कुणालाच नाही. अंघोळ करताना मला मान फिरवावी लागू नये, एवढंच हवं होतं. मी हट्ट सोडला नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी ह्यांना आत बोलावून सगळं समजावलं आणि मी बाहेर बाकावर, जशी काही छाती ह्यांचीच होती. तिथं बधिरपणा राहील, गरम काही लावायचं नाही, असं बजावलं होतं म्हणे. पण आईसमोर छातीचा विषय काढायची ह्यांना लाज वाटली. "जपायला सांगितलंय," एवढंच घरी येऊन बोलले.

दोन महिन्यांनी थंडीत पोटाचे टाके ओढायला लागले. आत्यांनी शेगडी पेटवली, फडकं तापवून पोट शेकलं आणि मग तेच छातीवर धरलं. "सोसतंय न्हवं?" त्या सारख्या विचारत होत्या. शेकणाऱ्यानं विचारायचं आणि नको झालं की आपण सांगायचं, अशीच आमच्याकडची रीत. मी "सोसतंय की" म्हणत राहिले. मला वाटलं, आत्या आज हलक्या हातानं शेकतायत.

सकाळी छातीवर तळहाताएवढा फोड आला होता. कातडी जगेल की नाही, डॉक्टर आठ दिवस सांगेनात. मला ना राग आला ना रडू. शेवटी कातडी जगली.

मलमपट्टी आत्याच करायच्या. "माझ्याच हातानं भाजलं की गं! आग हुतीया का?" मी नाही म्हटलं की त्यांना जास्तच हुंदका यायचा. एका दुपारी मी म्हणाले, "व्हय आत्या, लई आग हुतीया."

त्यांनी लगेच डोळे पुसले. खाली वाकून फुंकर घालायला लागल्या. मला ती फुंकरही कळत नव्हती.

"आता बरं वाटतंय," मी म्हणाले.