आपापल्या विद्यापीठाची खोड सांगा!

आमच्या घरात चार पदवीधर आणि चार विद्यापीठं. मी मराठवाड्यातल्या विद्यापीठाची, नवरा पुण्यात शिकलेला, माझा भाऊ कृषी विद्यापीठाचा आणि वहिनी नागपूरकडची. पदव्या जुन्या झाल्या, केस पिकले, पण विषय निघाला की अजूनही कोणी माघार घेत नाही. नवरा तर 'पुणे' म्हणताना आधी पाठ सरळ करतो.

यंदा भावाची मुलगी, माझी भाची, बी.एस्सी. झाली. पुढे तिला संख्याशास्त्र शिकायचं होतं. पुणे, मराठवाडा आणि नागपूर, तिन्हीकडे तिचा नंबर लागला. त्यातली एक जागा पक्की करायच्या मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला, तरी पोरीचं मन काही ठरेना. तेव्हा भावाने आम्हाला मोताळ्याला, त्याच्या घरी बोलावलं. आमच्याकडे सोयरीक जुळवताना चार माणसांची बैठक बसते, तशीच थेट बैठक! सतरंजी अंथरली, पोहे झाले. मी ठेवणीतली साडी नेसले.

"एवढी नटून कुठं?" नवऱ्याने विचारलं.

"मी वरपक्ष आहे," मी म्हटलं.

भाचीने फोनवर तिन्ही विद्यापीठांची आकडेवारी उघडली. कुणाचे किती प्राध्यापक, ग्रंथालयात पुस्तकं किती, किती पोरं नोकरीला लागली. थोडा वेळ वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

"हे सगळे नवरदेवाचे बायोडाटा हायेत," ती म्हणाली. "याच्यात कोणी काळा नसते, कोणी बुटका नसते. तुम्हीच सांगा."

झालं! आम्ही सांगायला लागलो. नवऱ्याने पुण्यातली व्याख्यानं सांगितली, मी आमची आंदोलनं सांगितली. नवरा म्हणाला, आमच्याकडे वादविवाद स्पर्धा असायच्या. मी म्हटलं, आमच्याकडे स्पर्धा कशाला, चहाच्या टपरीवर रोजच वाद! भावाचं विद्यापीठ तर यादीतही नव्हतं, तरी तो मध्येच ओरडला, "आमच्याकडे काय आकडे नाहीत काय बे? कापसाच्या बोंडांपासून सगळं मोजाले शिकवलं!" वहिनी आतून भाकरी थापता थापता म्हणाली, "पोहे थंडे होऊन राह्यले."

भाची उठून उभी राहिली.

"आत्या, बाजारात बैल घेताना बाबा काय विचारतात?"

"खोड विचारतो," भाऊ म्हणाला. "मारका आहे काय, नांगराले जुंपलं की बसते काय. गुण तर कोणीही सांगते."

"मग आपापल्या विद्यापीठाची खोड सांगा. गुण सांगितला तो बाद. बाबा, तुम्ही पंच."

पंचवीस-तीस वर्षांची निष्ठा अशी भर दुपारी विकायची?

पंचाच्या धाकाने पहिला नवरा बोलला. "पहिलं वर्षभर मी वर्गात तोंडच उघडलं नाही. मी इकडून गेलेला; 'मले' म्हटलं की अख्खी बाकं हसायची." एवढं बोलून तो पोह्यातले शेंगदाणे वेचायला लागला. संसारात इतकी वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. मी त्याच्या बशीत माझे शेंगदाणे टाकले. मग तो हसला. "पुढच्या साली नाटकात गावंढळ गड्याचं काम निघालं. पुऱ्या कॉलेजात एकट्यालेच जमलं ते!"

मग मी. मी काही बसून सांगणाऱ्यांतली नाही. पाण्याची टंचाई उभी करून दाखवली. बादली म्हणून पातेलं घेतलं, पदर खोचला आणि नळाजवळची रांग, ढकलाढकली, नळाने टाकलेला शेवटचा उसासा, सगळं केलं. "आणि तेवढ्या एका बादलीत आम्ही आंघोळ करून, कपडे धुऊन, वर मोर्चाले जायचो!"

"आत्या बाद," भाची म्हणाली. "खोड नाही, जाहिरात करून राह्यली."

पंचाने मान डोलावली. सख्खा भाऊ!

"आई, तू?"

वहिनी पिठाच्या हातानेच दारात आली. "आमच्या मेसचं वरण," ती म्हणाली आणि तिथेच तिला हसू फुटलं. "माय व, काय सांगू! डाळ दिसतच नव्हती. एक दिवस आम्ही पोरींनी त्या वरणाची अंत्ययात्रा काढली. पातेलं पाटावर ठेवलं, चौघींनी खांदा दिला, मागून बाकीच्या छाती बडवत. वॉर्डन मॅडम धावत आल्या, कोण गेलं म्हणून. मी म्हटलं, डाळ गेली मॅडम, पाणी तेवढं मागे राह्यलं!"

पुढे तिला बोलताच येईना. डोळ्यांतून पाणी. तिने तसाच पिठाचा हात पदराला पुसून मेसमधल्या जुन्या मैत्रिणीला फोन लावला. पलीकडून "जय भीम, बोल व!" असा आवाज आला. वहिनी एवढंच म्हणाली, "वरण!" आणि तिकडून जे हसणं सुरू झालं ते आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. भाचीला प्रवेश मिळतोय हे कळल्यावर ती बाई ओरडली, "पाठव तिले इकडे! मी खांदेकरी आहे, पोरीची मावशीच की!"

तेवढ्यात आतून जळका वास आला. तव्यावर भाकरीचा कोळसा झाला होता. माझ्या वहिनीने आजवर भाकरी जाळलेली मी पाहिली नव्हती.

भाची त्या काळ्या भाकरीकडे बघत राहिली. मग फोन उचलला, बोटं चालवली आणि म्हणाली, "झाली जागा पक्की. नागपूर."

"काऊन पण?" मी हरलेल्या वरपक्षासारखी ओरडले.

"जिथली खोड सांगताना आई भाकर विसरते, तिथं मले करमते का नाही ते पाहतोच."

"साक्षगंध झालं, साखर वाटा!" नवरा टाळ्या पिटत म्हणाला. मी रुसून बसले, पण पोह्यांची दुसरी बशी येईपर्यंतच.

पोरगी नागपूरला गेल्यावर वहिनी सैरभैर झाली. कामात लक्ष लागेना, फोन वाजला की दचकायची. मी तिच्याकडेच होते तेव्हा भाचीचा फोन माझ्या फोनवर आला. नमस्कार नाही, तब्येत नाही, सरळ सुरुवात: गाद्या पातळ, पंखा कुरकुरते, मेसच्या भाजीत बटाटा एकटाच फिरते, आणि आम्ही पोरींनी त्या बटाट्याचं नाव ठेवलं... पुढे हसणंच ऐकू येऊ लागलं, तिचं आणि तिच्या मागे आणखी कुणाकुणाचं.

मी फोन वहिनीच्या हातात दिला.

"घे व," मी म्हटलं. "तुझी पोरगी नांदून राह्यली."